मुकादमाची भाकरी

लातूरला भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला वाढत होतो, तेवढ्यात नांदेडहून आईचा फोन आला. आम्ही तिला मायच म्हणतो. "बापू, मुकादम गेला बघ..." एवढंच ती बोलली. माझ्या हातात बुंदीचं भांडं होतं. मी विचारलं, "सकाळी किती खाल्लं होतं त्यानं?" या गोष्टीला आता दीड महिना होत आला, पण त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही.

मुकादम आमचा कुत्रा. शिरूर अनंतपाळजवळच्या शेतातून मायनं त्याला पिशवीत घालून एसटीनं नांदेडला आणलं, तेव्हा तो दोन तळहातांत मावत होता. घरात कुणी झाडू हाती घेतला की हा मागं मागं. "बघा, आले मुकादम कामावर नजर ठेवाया," माय म्हणाली आणि तेच नाव पडलं. आमच्याकडं शेवटची भाकरी कुत्र्याची. परातीत उरलेल्या पिठाची माय छोटी भाकरी थापायची आणि गार व्हायला खिडकीत ठेवायची. मुकादम खिडकीखाली येऊन बसायचा. भुंकणं नाही, उडी मारणं नाही. माय हाक मारेपर्यंत नुसता वर बघत राहायचा.

म्हातारपणी त्याला किडनीचा आजार निघाला. डॉक्टरांनी भाकरी, दूध बंद करून पाकिटातलं खाणं लिहून दिलं. मी हिशेबी माणूस. सांगितलेलं तंतोतंत करायचं, हा स्वभाव. वजनकाटा आणला आणि दोन्ही वेळा ग्रॅमवर मोजून घालू लागलो. घरातली छोटी भाकरी बंद झाली. तो वाटी हुंगायचा आणि खिडकीखाली जाऊन बसायचा.

"अरे, एवढासा तुकडा दे की. लई आशेनं बघून राहिला."

"माय, डॉक्टर नको म्हणलेत."

"सोनं बी एवढं तोलत न्हाईत. जीव हाय त्यो, सोयाबीन न्हाई."

शेवटी मी चिडून म्हणालो, "माझ्या माघारी दिलंस तर बघ."

मायनं तोवर माझं कधी ऐकलेलं नव्हतं. तिला शुगर निघाली म्हणून गोड बंद केलं, तर पदराआड गूळ खाते. त्यामुळं लातूरला निघताना मनात कुठंतरी खात्री होती, मी नसताना हा पोटभर भाकरी खाणार. खरं सांगायचं तर तसं व्हावं, असंच वाटत होतं. मला फक्त ते डोळ्यांनी बघायचं नव्हतं...

डॉक्टर नंतर म्हणाले, "शेवटी शेवटी त्यानं काही खाल्लं असतं, तरी फारसा फरक पडला नसता." ते मला धीर द्यायलाच बोलले. घरी येऊन मी मायला विचारलं, "खरं सांग, एखादा तुकडा तरी टाकलास ना?"

"न्हाई रे. तू म्हनलास तसंच केलं. खिडकीखालीच बसला व्हता... मीच तोंड फिरवून बसले."

जन्मात एकदाच तिनं माझं ऐकलं होतं.

तो गेल्यावर मायनं छोटी भाकरी पुन्हा थापायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणते, पीठ उरतंय. भाकरी खिडकीत वाळून जाते, मग ती गल्लीतल्या गाईला घालते. परवा मी खिडकीतली भाकरी उचलायला हात पुढं केला. तव्यावरची नजर न काढता माय म्हणाली, "थांब, गार होऊ दे अगोदर."

मी हात मागं घेतला आणि खिडकीखाली बसलो.