काका सोडून सगळे

मालवणकडचा पोरगा लिहितोय म्हटल्यावर तुम्ही भुताची वाट बघत असणार. सुनसान पाणंद, पांढरी साडी, उलटे पाय. ती आशा सोडा. यात एक नारळ आहे, एक मोबाईल आहे आणि माझे थोरले काका आहेत.

काका आमच्या वाडीतले गाऱ्हाणं घालणारे. कोणाचं काही नवं असलं की हातात नारळ धरून देवाकडे मागणं मागायचं काम त्यांचं. बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्येच कोणाचं नाव आठवलं नाही, तर काका नारळाकडे रोखून बघतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "जो काय तो." जसं काही नाव नारळावर लिहून ठेवायला हवं होतं.

मला आवाज काढायची खोड जुनी. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेली. मग काकांना कसं सोडणार? खांद्यावर पंचा टाकला, नारळ धरला आणि व्हिडिओ केला. "बा देवा म्हाराजा, वाडीक रेंज येवंदे. आणि जो कोण वायफायचो पासवर्ड बदलता, तो... तो... अहं... जो काय तो, तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

स्टेटसला लावला. तेवढी अक्कल होती मात्र. ठरावीक माणसं सोडून बाकी सगळ्यांना दाखवायची सोय असते ना, तिथे काकांच्या नावावर टिक केली. सेटिंगने काम चोख केलं. वाडीने बघितला, देवगडच्या मावशीने बघितला, काकीने तर हसून रडणारे चेहरे पाठवले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर शेजाऱ्यांच्या नव्या होडीचं गाऱ्हाणं. सगळे जमले. काका रंगात आले आणि होडी चालवणाऱ्याच्या नावाशी अडले. "जो ही होडी घेऊन दर्यात जातलो, तो... तो..." नारळाकडे बघितलं. घसा खाकरला. मागे बायकांनी पदर तोंडात कोंबला.

"जो काय तो."

'व्हय म्हाराजा' राहिलं बाजूला, सगळा किनारा फिदीफिदी हसत सुटला. होडीवाल्याचा चेहरा पडला. पहिल्याच गाऱ्हाण्यात असं होणं बरं नव्हे. काकांनी एकेकाकडे बघितलं. हसत नव्हतो तो मी एकटाच, म्हणून पकडला गेलो. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा गाऱ्हाणं घातलं, कुठेही न अडता, आणि तडक घरी आले.

काकीला खोदून विचारलं आणि तिच्याच फोनवर दोनदा बघितला त्यांनी व्हिडिओ. मी दाराशी, पळायला सोपं पडेल असा.

"आवाज बरो काढलंस," काका म्हणाले. "पण माकाच लपवलंस कित्याक?"

"तुमी रागावशात म्हणान."

"रागावलंय तो नकलेसाठी नाय रे. सगळ्या गावाक म्हायती, आणि मी एकटो नारळ घेऊन हुबो. मेल्या, गाऱ्हाण्यात आमी देवापासून वाटेवरच्या भुतापर्यंत सगळ्यांका बोलवतांव. कित्याक? जो भायर रवता, तोच मागसून लागता. आणि तू नेमको माकाच भायर ठेवलंस." मग स्वयंपाकघराकडे मान वळवून, "आणि तू गो, आत हसू नको. तुझी पाळी जेवल्यार."