रिकाम्या गिरणीचा गोंगाट

धुळ्यातल्या आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी बंद करायला मीच निघालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. समोरच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं कानात कापूस घालून बसायची. मी गल्लीत उभा राहिलो, गिरणीचा पट्टा फडफडताना पाहिला, त्याच तालात धडधड ऐकली आणि पत्रक काढलं: 'जनतेच्या कानांवरचा अत्याचार थांबवा!!!' महापालिकेत अर्जही दिला. गिरणी एकट्या राहणाऱ्या अक्कांची, त्यांचं पोट तिच्यावर. त्यांना विचारायला मी गेलो नाही. आम्ही कार्यकर्ते पत्रकं वाटतो, विचारत नाही.

गिरणीच्या पाठीला पत्र्याची उंच भिंत आहे. तिच्यामागे एका बड्या आसामीचा कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना. भिंतीवर हलणारं काहीच नव्हतं, म्हणून माझी नजर तिथे गेलीच नाही.

सील घेऊन महापालिकेचे साहेब आले, तेव्हा अक्का दारातच बसल्या होत्या. गिरणीचा वरचा दगड बाहेर काढून छिन्नीनं त्याला टाकी लावत होत्या. झिजलेल्या खाचा पुन्हा पाडल्याशिवाय पीठ बारीक येत नाही. आत नवा पट्टा चढवून रिकामाच फिरवत ठेवला होता.

साहेबांनी उंबऱ्यावरच कानावर हात ठेवले. "बापरे, काय कर्कश गिरणी! लावा सील."

"साहेब, दगड हाऊ मनापुढे पडेल शे," अक्का म्हणाल्या. "मंग आवाज कोन करस?"

"पट्टा फिरतोय ना? मला दिसतोय की!"

मी बघितलं: दगड खरंच अक्कांपुढे पडलेला, मग आत धडधडतंय काय? म्हणालो, "साहेब, जरा डोळे मिटून ऐका."

डोळे मिटायला सरकारी माणूस इतका कां-कूं करताना मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी मिटले. मीही मिटले. धडधड पट्ट्यावरून उठली आणि सरळ पत्र्याच्या भिंतीकडे गेली. डोळे उघडले, तर मुकाट पट्ट्यावर परत! अक्कांनी बटण बंद केलं. पट्टा थांबला. धडधड चालूच.

आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यांवर विसंबतो. आवाजाच्या तालात जे हलतं, त्याच्या नावावर आवाज चढवून मोकळा होतो. सभेत भोंगा खांबावर असतो, तरी भाषण पुढाऱ्याच्या तोंडातूनच आल्यासारखं वाटतं. हे मला ठाऊक होतं. पण फसते ती भोळी जनता, कार्यकर्ते नाहीत, असा माझा समज.

"तक्रार लेखी मागे घ्या," साहेब म्हणाले. मी तिथेच लिहून दिलं की चूक माझी आहे. लगेच दुसरा अर्ज लिहिला, भिंतीमागच्या कारखान्याविरुद्ध. साहेबांनी पहिला कागद फाईलमध्ये घातला. दुसरा माझ्याच हातात ठेवला.

"भिंतीपलीकडचं मला दिसत नाही. न बघता कसं लिहू?"

"आत्ता ऐकलंत ना?"

"ऐकीव गोष्टींवर पंचनामा होत नाही," म्हणाले आणि सीलची पिशवी घेऊन निघाले.

गिरणी वाचली. अक्कांनी बोटांनी दगडाच्या खाचा तपासल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते राहू दे. धर एका बाजूनं," त्या म्हणाल्या. "पत्रकं वाटी वाटी हात मऊ पडनात तुना."

दगड भलताच जड होता.