साडूंची दुसरी रेघ

आमच्या साडूंनी परवापर्यंत एकही शेंगदाणा विश्वासानं खाल्लेला नव्हता. लातूरच्या एका प्रयोगशाळेत ते भुईमुगावरच्या बुरशीचं विष पकडणाऱ्या अँटीबॉडी तयार करतात. त्यासाठी पाळलेल्या सशांची ते रोज विचारपूस करतात. माझी कधी केल्याचं आठवत नाही. खलबत्ता, औषधाची बाटली आणि तपासणीच्या पट्ट्या त्यांच्या पिशवीत कायम. एका साखरपुड्यात त्यांनी चिवड्यातले दाणे वेचून कुटायला घेतले, तेव्हा नवरदेवाचा चुलता उठून चपला शोधायला लागला होता. "विष डोळ्यांना दिसत नसतंय," साडू त्याला समजावत होते, तेही मुलीकडच्यांच्या देखत!

अधिक महिन्यात आम्ही दोघे जावई धोंड्याच्या जेवणाला हदगावला गेलो, तर तिथंही पिशवी उघडली. सासूबाईंनी घरच्या दाण्यांच्या पोळ्या केल्या होत्या. साडूंनी डब्यातले उरलेले दाणे कुटले, औषधात कालवले, पट्टी बुडवली. दहा मिनिटं तुपाची धार थांबली. पट्टीवर एकच रेघ उमटली. करोनाच्या पट्ट्या बघून शहाणे झालेले आम्ही टाळ्या वाजवायला लागलो.

"इथं उलटं हाय, दोन रेघा आल्या तरच दाणे चांगले," साडू म्हणाले. "अँटीबॉडी विषालाच धरून बसल्या, मग दुसरी रेघ कोण काढणार? मामी, शेंगांना पाणी लागलं होतं का?"

"बोटं लई दुखतात, बापू," सासूबाई म्हणाल्या. "पानी मारलं की टरफल लवकर फुटतंय."

तिथंच बुरशी धरली होती. ताटं उचलली गेली. धोंड्याला आलेल्या जावयानं सासूच्या पोळीत विष काढलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सासूबाई माझ्याशी बोलायच्या, साडूंशी नाही. मला वाटलं, हे नातं संपलं, आणि वाईटही वाटलं.

साडूंनी मात्र सुगी झाल्यावर दर रविवारी हदगावची बस धरायला सुरुवात केली. ओट्यावर बसून कोरड्या शेंगा फोडायच्या. अंगठ्यांची नखं फुटली, तरी मधूनच "दोन दाणे तपासतो" चालूच. सासूबाई आतूनच चहा पाठवायच्या.

परवा मीही सोबत गेलो, तर त्या स्वतः बाहेर आल्या. वाटीभर दाणे साडूंपुढे ठेवले. पाणी न मारता, रोज थोड्या थोड्या शेंगा त्यांनी स्वतः फोडल्या होत्या. साडूंचा हात सवयीनं पिशवीत गेला. मग त्यांना सासूबाईंची सुजलेली बोटं दिसली, आणि हात रिकामाच बाहेर आला. त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले. मी आयुष्यभर त्यांची थट्टा केली. त्या दिवशी जमली नाही.

"किती रेघा आल्या, बापू?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन, मामी."