पाटीवरचा बुटांचा जोड

आष्ट्याच्या बाजारात पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. करंगळी फळीला टेकवून, श्वास रोखून तो अक्षर काढायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. कागदावर लिहून दिलेलं तसंच्या तसं उतरवायचा.

लढाई नुकतीच संपली होती. कडेगावचा एक जवान पलटणीतून सुटून आला आणि त्यानं इथं बुटांचं दुकान काढलं. पाटीचा इंग्रजी मजकूर त्यानं स्वतः लिहून दिला होता: ‘शूज शॉप’.

“पलटणीत शिकलोय इंग्रजी,” दुकान उघडलं त्या दिवशी तो जमलेल्या पाहुण्यांना सांगत होता.

मी शाळेत इंग्रजी शिकवणारा. मला राहवेना. पेंटरजवळ वाकून म्हणालो, “यात ‘शूज’मधला शेवटचा एस जादा आहे. दुकानात बूट शंभर असले, तरी इंग्रजीत ‘शू शॉप’च म्हणतात. पुसून टाका.”

“हळू बोला, मास्तर,” तो म्हणाला. “पाटीला नारळ फुटलाय, पावणं बसल्यात. त्येंच्या म्होरं त्येचं अक्षर कसं पुसू?”

संध्याकाळी पुन्हा तिथून गेलो, तर त्या एसच्या जागी काळ्याभोर बुटांचा जोड होता, नाड्यांसकट.

“चित्र बी काडलं की गड्या!” जवान हरखून पाहुण्यांना दाखवत होता. पेंटर माझ्याकडे न बघता घासलेटात ब्रश धूत बसला होता.

घरी टेबलावर तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. वरच्याच वहीत मी लाल फुली इतकी जोरात मारली होती, की कागद फाटला होता.