दुभाष्याची खुर्ची

लोकल केबलवर बातम्यांची टिंगल करणाऱ्या एका कार्यक्रमात मी काही वर्षं विनोदवीर होतो. मुलीच्या सासरच्यांपासून ही गोष्ट मी लपवून ठेवली होती. पुढे कळलं की ते दर आठवड्याला कार्यक्रम बघत होते आणि शेजाऱ्यांना सांगत होते, 'हे गृहस्थ आमच्या ओळखीचे नाहीत.' दोन्हीकडची अब्रू शाबूत राहिली.

दिवसा मी विमा विकायचो आणि शनिवारी संध्याकाळी विनोद. दोन्ही वस्तू मागायला कोणी आपणहून येत नाही. नागपूरच्या प्रताप नगरात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचं शूटिंग व्हायचं. खाली लग्न असलं की आमच्या बातम्यांत सनई वाजायची, आणि समोर बसलेले निम्मे प्रेक्षक खालच्या पंगतीत जेवून वर आलेले असायचे. मधे अँकर शहरातल्या खऱ्या बातम्या वाचायचा आणि दोन्ही बाजूंना बसून आम्ही त्यांची पिसं काढायचो.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझा मित्र बसायचा. मूळचा खापा गावचा. घरी हातमाग होते, पण हा बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात शिफ्ट करायचा. आमच्यातला खरा विनोदी माणूस तोच. मी विनोद सांगायचो, घाम गाळायचो, हातवारे करायचो. तो नुसता थांबायचा आणि लोक हसायचे.

"तू ऐकतच नाही बे," तो मला म्हणायचा. "माझं वाक्य संपून नाही राहिलं, तर तू आपलं सुरू करून राहिला. तुयी गाडी सिग्नलच पाहत नाही."

खरं होतं ते. अशा पॅनेलवर बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव चिकटवून तो आपली पाळी धरून बसलेला असतो. मला तो भावही नीट चिकटवता यायचा नाही. पहिल्याच भागात मी त्याच्या विनोदाचा शेवट त्याच्याआधी सांगून टाकला, आणि वरून हसलो. एकटाच.

मग त्याचं तोंड उघडेनासं झालं.

खर्रा. आमच्याकडे दोन माणसं भेटली की नाव-गाव विचारायच्या आधी पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा पुढे होतो. शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून हा खायचा, आणि सुटीच्या दिवशी शिफ्टची आठवण येऊ नये म्हणून खायचा. खालच्या लग्नातला गुलाबजाम तो चमच्यानं तुकडे करून खाऊ लागला तेव्हा आम्ही त्याला 'साहेब' म्हणू लागलो. शेवटी डॉक्टरकडे गेला आणि आल्यावर त्यानं त्याचाही किस्सा केला.

"डॉक्टर म्हणे, तीन बोटं उभी घाल तोंडात. एकच गेलं. मी म्हटलं, मंग फी बी एका बोटाचीच घ्या!"

आम्ही खूप हसलो. गालाच्या आत जखम होती, ते त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही.

ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग गेला, जिभेचा एक तुकडा गेला. त्यानंतर त्याचं बोलणं गोधडीच्या आतून आल्यासारखं यायचं. खुर्ची रिकामी झाली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. चॅनलच्या मालकानं नवा माणूस बघायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात हा बायकोला घेऊन माझ्या घरी आला. तो बोलायचा आणि वहिनी आम्हाला सांगायच्या.

"हे म्हणते, खुर्ची माझी आहे. हे म्हणते, मी मंत्री बनतो. पत्रकार प्रश्न विचारतील, मी उत्तर देईन, अन् भाऊजी दुभाष्या बनून उलटंसुलटं सांगतील."

मी चाचरत म्हटलं, "अरे, पण लोक तुझ्या बोलण्याला हसतील."

तो काहीतरी बोलला. वहिनींनी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि सांगितलं, "हे म्हणते, मंत्र्याचं बोलणं तसंही कोणाले समजते? अन् लोक हसतील म्हणून घरी बसू? मंग आतापर्यंत काय कीर्तन करून राहिलो होतो काय गा आपण?"

तो तुकडा इतका चालला की आमच्या बाकीच्या विनोदांची लाज वाटावी. अँकर विचारायचा, "माननीय, हा सिमेंटचा रस्ता परत काहून खोदला?" मित्र हात उंचावून, डोळे मिटून भलंमोठं भाषण करायचा. मी कोट सारखा करून म्हणायचो, "साहेब म्हणतात, मागच्या खेपेला खोदताना फावडं आत राहिलं." एखाद्या प्रश्नाला तो नुसता हुंकार द्यायचा आणि मी अख्खा अर्थसंकल्प वाचायचो. पानठेल्यावर लोक मला 'दुभाषी साहेब' म्हणू लागले. ज्यांनी माझ्याकडून कधी विमा घेतला नाही, ते माझ्यासोबत फोटो काढू लागले.

माझी वाक्यं आधी ठरलेली असायची. त्याची नसायची. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, "तू काहीही बोल. माझं पाठ आहे."

हिवाळी अधिवेशन भरलं, मंत्र्यांच्या गाड्यांसाठी रस्ते धुतले गेले, आणि तो इतका वाळला की मंत्र्याचा कोट मागून चिमटे लावून बसवावा लागायचा. त्या अधिवेशनातल्या आमच्या शेवटच्या भागात, अँकरनं प्रश्न विचारल्यावर, तो कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे वळला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, अधिवेशन संपलं, आता रस्ते होते तसे करून ठेवा!" हॉल हसून वाकडा झाला. तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला, मग त्याचेही खांदे हलले. तो हसला, असं मी समजलो.

पुढच्या शूटिंगला तो आला नाही. ऊन तापायच्या आधी गेला.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. विमा एजंट आणि मित्र अशा दोन्ही नात्यांनी त्या घरी जायला मला अवघड वाटत होतं, म्हणून संत्री घेऊन गेलो. संत्र्यांनी काही सोपं होत नाही. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसून मोबाईल उघडला. चॅनलनं टाकलेले आमचे सगळे भाग त्यात होते.

"हा पाहा भाऊजी. इथं हे म्हणते, 'आज तू भरीत केलं असशील, घरी आलो की वास घेऊ देजो.'"

पडद्यावर मित्र हात उंचावून भाषण करत होता. शेजारी मी कोट सारखा करत होतो.

"अन् इथं म्हणते, 'न्हाणीपाशी पाय घसरते, खडबडीत फरशी बसवून घे.' बसवली मी." त्यांनी पुढचा भाग लावला. "अन् हे... इथं म्हणते, 'मले भेव लागून राहिलं.'"

त्याच वाक्यावर मी फावड्याचा विनोद केला होता.

"घरी कधी बोलले नाही असं," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई असत, पोरगी असे. टीव्हीवर बोलले. अख्खं नागपूर पाहून राहिलं अन् समजून राहिलं फक्त आपल्या दोघाईले. मी म्हणो, भाऊजी किती हुशार. ते बरोब्बर उलटं सांगते, म्हणजे त्याईले सगळं सुलटं समजते."

मी मान हलवली. इतक्या वर्षांत ऐकत असल्याचा भाव माझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच नीट बसला असावा.

मग त्यांनी शेवटचा भाग लावला आणि मोबाईल माझ्या जवळ सरकवला. "एवढंच राहिलं. इथं यायनं तोंड तुमच्याकडं केलं. ओठ दिसून नाही राहिले. मी लय वेळा लावून पाहिलं. काय म्हटलं जी यायनं तुम्हाले?"

चुकीचं भाषांतर हा माझा धंदा होता. डोक्यात वाक्यं तयार होती, एकाहून एक गोड. 'हिच्याकडे लक्ष दे म्हणाला.' 'सुखी होतो म्हणाला.' कुठलंही चाललं असतं. त्यांनी मानलं असतं आणि जन्मभर सांभाळलं असतं.

"परत लावा," मी म्हणालो.

त्यांनी लावलं. माझ्या गुडघ्यावर हात येतो, त्याची मान वळते, गोधडीतून आल्यासारखे दोन आवाज निघतात, आणि तिसऱ्यावर माझा खणखणीत आवाज चढतो, "साहेब म्हणतात..." खालून सनई. मग हसू. परत लावलं. तेच. त्याचं वाक्य संपतच नाही. मी ते संपू देत नाही.

"नाही ऐकलं, वहिनी," मी म्हणालो. "हे नाही, अन् बाकीचंही नाही. मी ऐकतच नव्हतो. माझं पाठ होतं."

वहिनींनी मोबाईल आपल्याकडे ओढून घेतला. मला वाटलं आता उठवतील मला. पण त्यांचा आवाज आला तो वेगळाच.

"मंग ते सगळं एकट्या मलेच सांगितलं म्हणा ना यायनं."

"हो."

"कोणालेच नाही समजलं?"

"कोणालाच नाही."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. नव्या नवरीच्या असतं तसं. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मंग एवढं एक तुमचं. पाहा तुम्ही. मी चहा ठेवते."

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मी मोबाईल कानाला लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिलो. दर वेळी वाटायचं, या खेपेला थांबेल. पण मोबाईलमधला तो कोटवाला दुभाष्या काही थांबत नाही.