काकांचा मिक्सर आणि माझं मत

माझ्या बायकोच्या काकांइतके तिखट कान अख्ख्या दिवाळे गावात कुणाचे नाहीत, आणि त्या कानांना मीच बेकार केलं. बसलो होतो काकांचं कौतुक लिहायला; पण खरं ते पहिल्याच वाक्यात बाहेर पडलं, बरंच झालं.

काका गावच्या भजनी मंडळाचा साउंड सांभाळत. मिक्सर जुना, ॲनालॉग, सोळा माइकांचा. प्रत्येक माइकाला त्याचं स्वतःचं सरकतं बटण. बटणांखालचे आकडे खाडीच्या खाऱ्या हवेने केव्हाच खाल्ले होते, पण काकांना आकडे लागतच नसत. पहिलं बटण म्हणजे बुवा, दुसरं पेटी, तिसरं पखवाज आणि चौथं म्हणजे त्यांचा एक बेसूर चुलतभाऊ, ज्याचा माइक काकांनी वर्षानुवर्षं बंदच ठेवला होता. तो डोळे मिटून, मान वेळावून गायचा आणि शेवटी विचारायचा, "दादा, आज कसा लागला माजा आवाज?" काका गंभीरपणे म्हणत, "आज कानाला काय पन त्रास नाय झाला." मिक्सरवर झाकायला काकीचं मऊ पडलेलं लुगडंच लागे, टॉवेलाचे धागे बटणांत अडकतात म्हणून. हळदीत कुणी "आवाज वाढवा" म्हणालं, तर काका थेट नवऱ्याच्या बापाला विचारत, "पोराचा लगीन करायचा हाय, का गाव भैरा करायचा हाय?" मिक्सरकडे ते कधी बघतच नसत. बोटं बटणांवर आणि डोळे गाणाऱ्याच्या गळ्यावर. बुवांच्या मानेची शीर फुगली की आवाज फुटायच्या आधी काकांचं बोट खाली आलेलं असे.

मग जुन्याची खरखर वाढली आणि मंडळाने नवा मिक्सर घ्यायचं ठरवलं. डिजिटल की ॲनालॉग, यावर बैठकीत दोन तट पडले. काकांना जुन्याच पद्धतीचा नवा हवा होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "जावयांना इचारा, ते कम्प्युटरवाले हायत." मी बेलापूरच्या एका ऑफिसात रजेचे अर्ज कम्प्युटरवर चढवतो. मिक्सरला जन्मात हात लावला नव्हता. पण चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "आता डिजिटलच. सगळं सेव्ह होतं." हे मी आदल्या दिवशी मोबाइलवर वाचलं होतं. त्या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "जावई बोलले ना, मंग झाला." जुना मिक्सर नव्याच्या बदल्यात दुकानदाराकडे गेला.

नव्यावर सरकती बटणं आठच. एक कळ दाबली की ती पहिल्या आठ माइकांची, दुसरी दाबली की पुढच्या आठांची. म्हणजे तेच तिसरं बटण कधी पखवाजाचं, कधी अकराव्या माइकाचं. कोणतं ते पडद्यावर बघायचं. आणि काका तर गळ्याकडे बघत. सप्ताहाच्या पहिल्याच भजनात दुसरी कळ दाबलेली राहिली होती; त्यांनी पखवाजाचा आवाज उचलायला तिसरं बटण वर ढकललं आणि स्पीकरसमोर ठेवलेला अकरावा माइक उघडला. अशी शिट्टी निघाली की बुवांनी कानांवर हात घेतले, पोरं रडायला लागली. चुलतभाऊ ओरडला, "दादा, झोपलास काय रं?" सगळं देऊळ हसलं. काकांनी दोन्ही हात मिक्सरवरून उचलून मांडीवर ठेवले. कुणीतरी धावत येऊन वायर उपटली. काका उठले आणि बाहेर चपला शोधू लागले. चूक माझी आहे, हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मी चपला शोधायला मदत केली.

आता नेरूळहून भाड्याने माणूस येतो. भजन सुरू झालं की काका जेट्टीच्या टोकाला जाऊन बसतात. तिथे वाऱ्यात काही ऐकू येत नाही.

परवा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. ताटावर बसल्यावर म्हणाले, "जावईबापू, होडीला इंजीन घेयाचा हाय. कंचा घेऊ?"

मी घास ताटात ठेवला. "काका, मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. "मिक्सरमधलंही कळत नव्हतं."

वाढणाऱ्या काकीचा हात थांबला. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाले, "ह्या तवाच बोलायचा व्हता वो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी काकीला नजरेने खुणावलं, आणि तिने कालवणातली माशाची सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली.