फोनवर मी होतो

ग्लुकोज पावडरचा गोडसर वास आला की कामोठ्यातला तो दवाखाना आठवतो. वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या मी मोबाइलवरून मागवायचो, कारण आमच्या बिल्डिंगखालचे डॉक्टर ‘आधी तपासू, मग नवी चिठ्ठी देतो’ म्हणायचे आणि तिथे रांगेत बसायला मला वेळ नसायचा. ऑर्डर टाकली की ॲपवाल्यांच्या डॉक्टरचा फोन यायचा. त्या दुपारीही आला. आठवडाभर वडिलांना दरदरून घाम फुटत होता, जेवण निम्म्यावर आलं होतं. ते समोरच लसूण सोलत बसलेले असताना मी त्यांचं नाव सांगून बोललो, “हो, मीच पेशंट. जेवण व्यवस्थित. चक्कर, घाम, काही नाही.” फोन ठेवल्यावर ते हसले, “आरं, माझं नाव लावून मलाच बरं केलंस की!” गोळ्या आल्या, चालू राहिल्या, आणि एका सकाळी ते बेसिनपाशी कोसळले. साखर फार उतरली होती. खालच्या डॉक्टरांनी सलाईन लावली, शुद्धीवर आल्यावर ग्लुकोजचं पाणी पाजलं. गोळ्या कुठून आल्या ते कळल्यावर म्हणाले, “काका, एवढा घाम फुटत होता, तर त्या डॉक्टरला फोनवर सांगायचं नाही?” वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “इसरलो बगा, डाक्टर.” डॉक्टर बराच वेळ त्यांना रागावत राहिले, ते मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मी रिकामा पेला धरून मागे उभा होतो. वडील आता नाहीत. त्यांच्या जागी फोनवर मी होतो, हे आज पहिल्यांदा सांगतोय.